पेशीतला सिग्नल पकडताना आपणच सिग्नल देऊ नये म्हणून: हृदय-रक्तवाहिन्यांवर पहिला प्रयोग करणाऱ्यांसाठी

"कंट्रोलची लेनपण तेवढीच गडद येतेय, अँटिबॉडी खराब आहे का?" लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की शेवटी म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. कंट्रोलची लेन म्हणजे ज्या पेशींना काही दिलं नाही त्यांच्या नमुन्याचा पट्टा, आणि अँटिबॉडी म्हणजे हवं ते प्रथिन शोधून दाखवणारा रेणू. ती क्वचित खराब असते. बहुतेक वेळा होतं असं की ज्या पेशीला आपण काहीच दिलं नाही असं समजतो तिला बरंच काही दिलेलं असतं, मीडियम, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रावणात वाढतात ते, बदललेलं असतं, डिश तिरकी केलेली असते, इनक्युबेटरमधून काढून पाच मिनिटं गार ओट्यावर ठेवलेली असते. आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची पेशी, म्हणजे एंडोथेलियल पेशी, तिचं कामच मुळी अंगावरून वाहणाऱ्या रक्ताचा जोर, त्यातली हॉर्मोन्स, त्यातला ऑक्सिजन हे सगळं ओळखून लगेच उत्तर देणं हे आहे. मग ती तुमच्या हाताला पण उत्तर देणारच ना.

म्हणून खाली जे लिहिलंय त्यात वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे प्रथिनं जेलमध्ये वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटिबॉडीने ओळखायच्या पद्धतीच्या, पायऱ्या कमी आणि त्याच्या आधीच्या काही मिनिटांबद्दल जास्त आहे. ब्लॉट कुठेही शिकायला मिळतो. त्याआधी पेशीला कसं सांभाळायचं हे कोणी नीट सांगत नाही, मला पण कोणी सांगितलं नव्हतं.

हात लावण्याने निष्कर्ष बदलतो याचं या विषयातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांचं. अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतातंतूंचं संदेश-रसायन जिवंत प्राण्याला दिलं की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, हे आधीपासून माहीत होतं, पण तीच रक्तवाहिनी कापून बाहेर काढून पट्टीसारखी टांगली की अ‍ॅसिटिलकोलीनने ती उलटी आवळायची, आणि हे कोडं कितीतरी वर्षं तसंच पडून होतं. कारण शेवटी निघालं पट्टी कापण्याच्या पद्धतीत. पट्टी कापताना आतली बाजू घासली जायची आणि एका पेशीच्या जाडीचं ते अस्तर निघून जायचं. ते न घासता रिंग कापली की वाहिनी व्यवस्थित सैल पडायची. फर्चगॉट आणि झावाड्झकी यांनी हे १९८० साली छापलं, त्यात एक सुंदर प्रयोग होता, अस्तर नसलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला समोरासमोर चिकटवायची, मग अस्तर नसलेली पण सैल पडते, म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरून पलीकडे जातंय. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे १९८७ च्या सुमारास पक्कं झालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. बोट कुठे लागलं यावर उत्तर ठरलं होतं, आणि आजही तसंच ठरतं.

आधी पेशी कोणती ते ठरवा

सगळ्यात सोपा वाटणारा आणि सगळ्यात फसवणारा मार्ग म्हणजे अख्ख्या हृदयाचा तुकडा वाटून त्याचा लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेलं द्रावण, करायचा. हृदय म्हणजे हृदयस्नायूच्या पेशी असं आपल्याला वाटतं, आकारमानाने ते बरोबरही आहे, बहुतेक जागा त्यांनीच व्यापलेली असते, पण संख्येने मोजलं तर त्या निम्म्यासुद्धा भरत नाहीत. बाकीच्या एंडोथेलियल, फायब्रोब्लास्ट, वाहिन्यांच्या भिंतीतल्या, रोगप्रतिकारक, अशा सगळ्या. मग अख्ख्या हृदयाच्या लायसेटमध्ये एकेटी (पेशीत सिग्नल पुढे नेणारं एक एन्झाइम) दुप्पट फॉस्फोरायलेट झालेला, म्हणजे त्यावर दुप्पट फॉस्फेट चढलेलं दिसला तर तो कोणाच्या पेशीतला, हे तुम्ही सांगू शकत नाही. तिथे सूज असेल तर बाहेरून आलेल्या रोगप्रतिकारक पेशींचाच सिग्नल तुम्ही स्नायूच्या नावावर खपवून मोकळे व्हाल. अख्ख्या हृदयाचा लायसेट करायला माझी ना नाही, पण त्याच्या जोडीला वेगळ्या केलेल्या पेशींमध्ये तेच दाखवा किंवा निदान स्लाइडवर रंगवून कोणती पेशी उजळतेय ते बघा.

पेशीच घ्यायच्या तर रक्तवाहिन्यांसाठी ह्यूवेक, म्हणजे नाळेतल्या शिरेच्या एंडोथेलियल पेशी, सुरुवातीला चांगल्या. त्या शिरेच्या आहेत, धमनीच्या नाहीत, हे विसरायचं नाही, कोरोनरी धमनीबद्दल दावा करायचा असेल तर शेवटी धमनीच्या पेशीत एकदा तरी करून बघावंच लागतं. हृदयस्नायूसाठी बरेच जण एच९सी२ घेतात कारण ती सोपी, मरत नाही, पसरत राहते. पण ती धडधडत नाही. जिला आकुंचनच नाही तिच्यात आकुंचनाचं नियंत्रण शोधणं मला पटत नाही, दुसऱ्या काही प्रश्नांना ती चालेल. नवजात उंदरांच्या वेंट्रिकलच्या पेशी धडधडतात आणि आठवडाभर टिकतात, पण त्या अजून लहान असतात, पूर्ण वाढलेल्या पेशीसारखी त्यांची रचना नसते. स्टेम सेलपासून केलेल्या हृदयपेशींचं पण तेच, माणसाच्या आहेत हा फायदा, अपरिपक्व आहेत हा तोटा.

मी इथे एकच प्रयोग धरून चालते: ह्यूवेकना व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) द्यायचं आणि ईनॉस या नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमवर सीरीन ११७७ ला, म्हणजे ११७७ व्या जागेवरच्या सीरीन या अमिनो आम्लाला, फॉस्फेट चढतं का ते बघायचं. हा रस्ता नीट माहिती असलेला आहे म्हणून शिकायला बरा. व्हीईजीएफ रिसेप्टरला चिकटतं, पीआय३ कायनेज चालू होतं (कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम), त्याच्याखाली एकेटी, आणि एकेटी ईनॉसच्या सीरीन ११७७ ला फॉस्फेट लावतो, हे १९९९ मध्ये दोन गटांनी दाखवलं. ईनॉस मग नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतो. त्याच ईनॉसवर थ्रिओनीन ४९५ ही दुसरी जागा आहे, तिथे फॉस्फेट असलं की एन्झाइम दबलेला राहतो. म्हणजे एकाच प्रथिनावर एक जागा गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आणि एक ब्रेक, फक्त ११७७ बघून ईनॉस चालू झाला म्हणणं अर्धवट. जमलं तर दोन्ही बघा. गाय किंवा डुकराच्या पेशी असतील तर तीच जागा ११७९ म्हणून छापलेली दिसेल, गोंधळू नका.

प्रयोगाच्या आधी कागदावर लिहायचं की कोणत्या मिनिटाला मला काय दिसायला हवं. रिसेप्टरचं फॉस्फोरायलेशन पहिल्या दोन-पाच मिनिटांत, एकेटी आणि ईनॉस साधारण पाच ते पंधरा मिनिटांत, ईआरके (वाढीच्या सिग्नलमधला दुसरा एक कायनेज) पण त्याच आसपास, आणि तासाभरात बरंचसं खाली येतं. हा अंदाज न लिहिता थेट ३० मिनिटांचा एकच टाइम पॉइंट घेतला आणि काही दिसलं नाही तर काहीच कळत नाही, झालंच नाही की होऊन गेलं?

आदल्या दिवशी

पॅसेज म्हणजे डिश भरली की पेशी सोडवून नव्या डिशमध्ये टाकणं. पेशी जितक्या कमी पॅसेजच्या तितक्या बऱ्या, ह्यूवेक पाच-सहा पॅसेजच्या पुढे गेल्या की मोठ्या चपट्या होतात, उत्तरं मंद होतात, मी तरी सहानंतर सिग्नलिंगला वापरत नाही. पॅसेज केल्या केल्या लगेच प्रयोग नको, पेशी सोडवायला वापरलेलं ट्रिप्सिन पेशीवरचे रिसेप्टर पण कापतं, किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस द्या. डिश किती भरलीय हे सगळ्या डिशमध्ये सारखं हवं. एंडोथेलियल पेशी एकमेकींना चिकटून अखंड थर झाला की त्यांची वागणूक बदलते, शेजारणीला धरलेली पेशी व्हीईजीएफला वेगळं उत्तर देते आणि मोकळी पेशी वेगळं. अर्धी भरलेली डिश कंट्रोल आणि पूर्ण भरलेली ट्रीटमेंट असं झालं तर तुम्ही गर्दी मोजताय.

मग स्टार्व्ह करणं, म्हणजे पेशींना उपाशी ठेवणं. ह्यूवेकच्या मीडियममध्येच व्हीईजीएफ असतं, एफजीएफ हा दुसरा वाढीचा घटक असतो, सीरम (रक्तद्रव) असतं, त्यात सिग्नल आधीच वर असतो. म्हणून वाढीचे घटक काढून अगदी कमी सीरमचं मीडियम देऊन चार ते सहा तास ठेवायचं. काही जण रात्रभर ठेवतात. माझ्या मते ह्यूवेकना रात्रभर पूर्ण सीरमशिवाय ठेवू नये, सकाळी तरंगणाऱ्या मेलेल्या पेशी दिसतात आणि मग तुम्ही उपाशी मरणाऱ्या पेशीचा सिग्नल वाचत बसता. अर्धा टक्का सीरम ठेवलं तर रात्रभर चालतं. सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, थर फाटलेला दिसला तर त्या दिवशी प्रयोग रद्द करायचा, दुःख होतं पण करायचा.

द्यायचं कसं, हाच खरा भाग

माझा पहिला टाइम कोर्स मी असा केला होता. कंट्रोलची डिश इनक्युबेटरमध्ये तशीच शांत ठेवली. बाकीच्या डिशमधलं जुनं मीडियम काढलं आणि व्हीईजीएफ मिसळलेलं नवीन मीडियम घातलं. बँड अप्रतिम आले, पाच मिनिटांना ईनॉस एकदम वर, ईआरके वर, मी तो ब्लॉट दोन महिने सगळ्यांना दाखवत होते. मग एका सीनियर ताईंनी एवढंच विचारलं, "नुसतं मीडियम बदललेली डिश कुठेय?" ती नव्हती. केली तेव्हा नुसत्या मीडियम बदलण्याने, व्हीईजीएफचा थेंबही नसताना, ईआरके जवळजवळ तेवढाच वर गेलेला दिसला आणि ईनॉससुद्धा बऱ्यापैकी. मीडियम ओतताना पेशींवर प्रवाहाचा घासा बसतो, त्या एटीपी बाहेर सोडतात, ते एटीपी त्यांच्याच रिसेप्टरवर बसून कॅल्शियम वाढवतं, आणि झालं, आग लागली. माझे दोन महिने त्यात गेले, तुमचे जाऊ नयेत.

तर आता मी असं करते. मीडियम बदलायचंच नाही. समजा डिशमध्ये १ मिलीलिटर आहे तर व्हीईजीएफ त्याच स्टार्व्ह मीडियममध्ये अकरापट जास्त तीव्र करून ठेवायचं, ३७ डिग्रीला आणलेलं, आणि त्यातलं १०० मायक्रोलिटर कडेने भिंतीवरून हळूच सोडायचं, शेवटी ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर होईल असं. डिश गोल फिरवायची नाही, पुढेमागे एकदाच अलगद हलवायची. कंट्रोलला पण तेवढंच १०० मायक्रोलिटर, तेवढंच गरम, त्याच हाताने, फक्त व्हीईजीएफ नाही, आणि व्हीईजीएफ ज्या द्रावणात विरघळवलंय तेच त्यात. ही कंट्रोल डिश आणि अजिबात हात न लावलेली एक डिश, दोन्ही ठेवा. दोघींमध्ये फरक दिसला तर तो फरक म्हणजे तुमचा हात.

दुसरं म्हणजे वेळ उलटी मोजायची. बरेच जण सगळ्यांना एकदम व्हीईजीएफ देतात आणि मग २, ५, १० मिनिटांना एकेक डिश उचलतात, त्यात प्रत्येक वेळी इनक्युबेटरचं दार उघडतं, बाकीच्या डिश गार होतात, कार्बन डायऑक्साइड उडतो, शेवटच्या डिशने सहा वेळा दार उघडलेलं सोसलेलं असतं. त्यापेक्षा ६० मिनिटांच्या डिशला सगळ्यात आधी द्या, मग ३० मिनिटं झाली की ३० वालीला, असं करत २ मिनिटांवालीला शेवटी, आणि सगळ्या एकाच क्षणी थांबवा. दार तेवढंच उघडतं पण निदान सगळ्या डिशने तेच सोसलेलं असतं, कंट्रोलसकट. वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवा, डोक्यात ठेवू नका.

आणि सहा डिशच्या वर एकटीने करायला जाऊ नका. थांबवताना एका डिशला वीस सेकंद धरले तरी बाराव्या डिशपर्यंत चार मिनिटं होतात, दोन मिनिटांचा टाइम पॉइंट मग कसला.

थांबवणं

डिश बर्फावर, मीडियम ओढून घ्यायचं, बर्फासारखं गार पीबीएस (धुवायचं खारं द्रावण) दोनदा, दुसऱ्यांदा घातलेलं शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचं, डिश तिरकी करून, नाहीतर नंतर घालायचा लायसिस बफर पातळ होतो. बर्फ म्हणजे बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, नुसत्या मोठ्या खड्यांवर डिश टेकतच नाही. लगेच पेशी फोडणारा लायसिस बफर आणि खरवडायचं. पेशी फुटली की तिच्यातले फॉस्फेटेज मोकळे सुटतात आणि तुम्ही मोजायला आलेलं फॉस्फेटच काढून टाकायला लागतात, म्हणून बफरमध्ये त्यांना अडवणारी रसायनं लागतात, सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हे सीरीन-थ्रिओनीनच्या फॉस्फेटेजसाठी, आणि टायरोसीनवाल्यांसाठी सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट.

या व्हॅनाडेटपाशी जरा थांबते कारण इथे फार जण चुकतात. पावडर पाण्यात विरघळवून तसंच वापरलं तर त्यातला बराच भाग एकमेकांना जोडलेल्या रूपात असतो आणि तो टायरोसीन फॉस्फेटेजला नीट अडवत नाही. २०० मिलिमोलर करायचं, पीएच १० ला आणायचा, द्रावण पिवळं होतं. मग उकळायचं, पिवळा रंग हळूहळू जातो आणि पाण्यासारखं स्वच्छ होतं. गार करायचं, पीएच परत बघायचा, सरकलेला असतो, परत १० ला आणायचा, आणि परत पिवळं झालं तर परत उकळायचं. असं दोन-तीन वेळा, जोवर पीएच १० ला असताना पण ते स्वच्छ राहत नाही तोवर. मग छोटे छोटे भाग करून फ्रीजरमध्ये. लायसिस बफरमध्ये १ मिलिमोलर, त्याच दिवशी घालायचं. त्याच बफरमध्ये डीटीटी किंवा भरपूर ईडीटीए असेल तर व्हॅनाडेट निकामी होतं, मेहनत वाया. तयार गोळ्या मिळतात त्या पण चालतात, पण पिवळं ते स्वच्छ होताना एकदा स्वतः बघितलं की ते रसायन कायमचं कळतं, म्हणून पहिल्यांदा तरी स्वतः करा.

जेल आणि ब्लॉट

हे भरभर सांगते. ईनॉस मोठं प्रथिन आहे, साधारण १३५-१४० किलोडाल्टन, म्हणून साडेसात-आठ टक्क्यांचं जेल आणि ट्रान्सफरला जास्त वेळ, घाईचा ट्रान्सफर केला तर ते जेलमध्येच राहतं. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवा. ट्रान्सफर झाल्या झाल्या पाँसो या लाल रंगाने रंगवून फोटो काढा, हा फोटो नंतर सोन्यासारखा उपयोगी पडतो, सगळ्या लेनमध्ये सारखं प्रथिन होतं का हे तोच सांगतो. फॉस्फो अँटिबॉडी, म्हणजे फॉस्फेट चढलेलंच प्रथिन ओळखणारी, वापरताना मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला (ब्लॉक करायला) दूध नको, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट असलेलं प्रथिन आहे, बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, आणि धुवायला फॉस्फेट बफर नको, ट्रिस बफर.

फॉस्फो ईनॉसला भाग द्यायचा तो एकूण ईनॉसने, जीएपीडीएचने नाही. जीएपीडीएच हे सगळ्या पेशींत असणारं प्रथिन फक्त लोडिंग, म्हणजे लेनमध्ये किती नमुना घातला ते, सांगतं. ट्रीटमेंट लांबली, चोवीस तासांची असली तर एकूण ईनॉसच बदलतो, आणि मग फॉस्फो वाढलं की प्रथिनच वाढलं हे एकूणचा ब्लॉट नसेल तर कळणार नाही. एकच मेम्ब्रेन धुवून परत वापरलं तर आधीची अँटिबॉडी पूर्ण गेली का हे तपासा, मी शक्यतो तेच नमुने दुसऱ्या जेलवर चालवते.

कारण दाखवायचं असेल तर

व्हीईजीएफ दिलं आणि ईनॉस वर गेला, इतक्यावरून एकेटीमुळे गेला असं म्हणता येत नाही, दोन गोष्टी एकाच वेळी वर गेल्या एवढंच दिसलंय. म्हणून पीआय३ कायनेज अडवून बघायचं. ते अडवणारा इनहिबिटर, वर्टमॅनिन १०० नॅनोमोलर किंवा एलवाय२९४००२, व्हीईजीएफच्या अर्धा तास आधी. वर्टमॅनिन पाण्यात फार टिकत नाही, सकाळी पातळ करून दुपारी वापरलं तर काम करणार नाही. एलवाय टिकतं पण जास्त प्रमाणात दुसऱ्याही कायनेजना अडवतं. म्हणून वेगवेगळ्या रचनेचे दोन इनहिबिटर आणि शिवाय एसआयआरएनएने (ठरावीक प्रथिन बनणं रोखणारा छोटा आरएनए) एकेटी कमी करून, अशा तीन बाजूंनी उत्तर एकच आलं तर मी विश्वास ठेवते. सगळे इनहिबिटर डीएमएसओ या द्रावकात असतात, ते ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि कंट्रोलला पण तेवढंच घाला. इनहिबिटर एकटाच दिलेली डिश पण हवी, कारण तो एकटाच सिग्नल खाली नेत असेल तर व्हीईजीएफचं काय झालं ते वाचताच येत नाही.

आणि एन, म्हणजे प्रयोग खरोखर वेगळा किती वेळा झाला तो आकडा. एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन डिश म्हणजे एन तीन नाही. वेगळ्या दात्याच्या पेशी, वेगळा दिवस, हे एक एन. तीन वेल म्हणजे पिपेट किती स्थिर आहे एवढंच कळतं. हे मी जरा रागाने लिहितेय कारण छापलेल्या कामातसुद्धा हे नेहमी दिसतं, आणि त्यावर पुढे कोणीतरी वर्षानुवर्षं काम करतो.

हृदयपेशीत काय वेगळं

हृदयात सगळ्यात शिकण्यासारखा रस्ता अ‍ॅड्रेनलिनचा, बीटा रिसेप्टर, त्याखाली सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू, त्याखाली पीकेए हा कायनेज. ते फॉस्फोलॅम्बन या पंपाला दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या सीरीन १६ वर फॉस्फेट लावतं, मग कॅल्शियम आत ओढणारा पंप मोकळा होतो आणि हृदय जोरात आवळतं आणि लवकर सैलही पडतं. आयसोप्रिनलिन (बीटा रिसेप्टर चालू करणारं औषध) १०० नॅनोमोलर, दोन-तीन मिनिटं, दिसायला हवं. फॉस्फोलॅम्बनच्या ब्लॉटची एक खोड आहे: नमुना उकळला नाही तर पाच रेणूंचा गठ्ठा एकत्र राहतो आणि बँड २५ किलोडाल्टनच्या आसपास दिसतो, उकळला की सुटा होऊन ६ च्या आसपास. घाबरू नका, दोन्ही तेच आहे, पण सगळे नमुने सारखेच उकळा. आणि इतकं छोटं प्रथिन ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून आरपार जातं, ०.२ ची घ्या.

इथे अजून एक गोष्ट. सायक्लिक एएमपी किती वाढलं यावरून सगळं ठरत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या सुरुवातीला सशाच्या हृदयावर दाखवलं गेलं की आयसोप्रिनलिन आणि प्रोस्टाग्लँडिन ई१ दोन्ही सायक्लिक एएमपी वाढवतात, पण आकुंचनाचा जोर फक्त आयसोप्रिनलिनने वाढतो. एकाचं सायक्लिक एएमपी पडद्यांपाशी, आकुंचनाच्या यंत्रणेजवळ पोचतं, दुसऱ्याचं मोकळ्या द्रवातच राहतं. एकाच पेशीत एकच रेणू आणि जागेप्रमाणे वेगळा निरोप! मला हे अजूनही विलक्षण वाटतं. म्हणून रिसेप्टरला वगळून काम करणारं फॉरस्कोलिन दिलं, सायक्लिक एएमपी सगळीकडे वाढलं, आणि म्हणून बीटा रिसेप्टरचंही तसंच असणार असा निष्कर्ष काढू नका.

पूर्ण वाढलेल्या उंदराच्या हृदयपेशी काढायच्या तर लँगेनडॉर्फ, १८९५ पासूनची पद्धत, महाधमनीतून उलटं द्रावण सोडून हृदय जिवंत ठेवायचं आणि त्यातच कोलॅजिनेज सोडायचं. २०१६ पासून लँगेनडॉर्फशिवाय, ईडीटीएचं द्रावण थेट डाव्या वेंट्रिकलमध्ये टोचून करायची पद्धत पण आलीय, नवशिक्यांना ती सोपी जाते. दोन्हीत कॅल्शियम काढून घेतलेलं असतं आणि ते परत देताना घाई केली की लांब विटेसारख्या पेशी डोळ्यांदेखत आखडून गोल होतात, गोल झालेली पेशी गेलेली समजा. थोडं थोडं वाढवत तीन-चार टप्प्यांत १ मिलिमोलरपर्यंत न्या. लांब विटेसारख्या पेशी किती टक्के आहेत ते दर वेळी मोजून वहीत लिहा, आकडा कमी आला तर त्या दिवशी सिग्नलिंग करू नका.

थेट प्राण्याचं हृदय घेणार असाल तर नैतिकता समितीची परवानगी आधी, हे वेगळं सांगायला नको. पण भूल पण सिग्नल आहे हे सांगायला हवं, आयसोफ्लुरेनने स्वतःच हृदयात एकेटी चालू होतो. दोन्ही गटांना तीच भूल, तेवढीच मिनिटं. हृदय काढल्यापासून गोठवेपर्यंतचे सेकंद मोजा, लिक्विड नायट्रोजनमध्ये गार केलेल्या चिमट्याने दाबून सपाट केलं तर आतपर्यंत लगेच गोठतं, आख्खं हृदय नुसतं नायट्रोजनमध्ये टाकलं तर बाहेरचं गोठेपर्यंत आतलं रक्ताविना तडफडत असतं आणि त्याचे सगळे स्ट्रेस कायनेज पेटलेले असतात.

शेवटी रिंग टांगून बघा

ब्लॉटवर फॉस्फेट दिसलं, पण वाहिनी खरंच सैल पडते का? त्यासाठी महाधमनीची रिंग. उंदराच्या छातीतली महाधमनी गार क्रेब्ज या क्षारांच्या द्रावणात काढायची, भोवतीची चरबी कात्रीने सोलायची, ओढायची नाही, दोन-तीन मिलिमीटरच्या रिंगा कापायच्या, दोन हुकांत अडकवायच्या, हुकावरचा ताण मोजला जातो आणि त्याची रेषा उमटत जाते. ३७ डिग्री, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, ते बंद पडले की पीएच चढतो. तासभर तरी स्थिरावू द्या, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदला. मग पोटॅशियम क्लोराइड ६० मिलिमोलर देऊन स्नायू जिवंत आहे ना ते बघा, धुवा, फिनाइलेफ्रिनने आवळा, रेषा वर चढून सपाट झाली की अ‍ॅसिटिलकोलीन १ नॅनोमोलरपासून वाढवत न्या. सुरुवातीला काहीच होत नाही, मग एका डोसला रेषा थरथरते आणि जिन्यासारखी खाली यायला लागते. ते पहिल्यांदा बघाल तेव्हा फर्चगॉट यांची पट्टी आठवेल.

आता एका रिंगमध्ये बारीक तार घालून आतून हलकेच फिरवा आणि तेच परत करा. रेषा खाली येणार नाही. एल-नेम १०० मायक्रोमोलर अर्धा तास आधी दिलेल्या रिंगमध्ये पण येणार नाही, कारण ईनॉसच बंद. दोन्हींना मग सोडियम नायट्रोप्रुसाइड द्या, ते नायट्रिक ऑक्साइड थेट देतं, रेषा झपकन खाली येते, म्हणजे स्नायू ठीक आहे, कमतरता अस्तरातच होती. हेच माणसात १९८६ साली दिसलं, निरोगी कोरोनरी धमनी अ‍ॅसिटिलकोलीनने रुंद झाली आणि चरबी साठलेली उलटी आवळली, तशीच जशी फर्चगॉट यांच्या आधीच्या लोकांची घासलेली पट्टी आवळायची.

त्याच रिंगेतला ईनॉस ब्लॉटवर बघायचा असेल तर रेषा खाली आलेल्या क्षणी रिंग सोडवून नायट्रोजनमध्ये टाका, पण हुकावरून सोडवताना आतलं अस्तर हमखास घासलं जातं, म्हणून ब्लॉटसाठी त्याच प्राण्याच्या दोन-तीन रिंगा हुकांत न अडकवता, त्याच द्रावणात, तेवढाच वेळ, तेच डोस देऊन वेगळ्या ठेवा आणि त्याच क्षणी त्या गोठवा. एका रिंगेत प्रथिन फार थोडं मिळतं, म्हणून एका प्राण्याच्या सगळ्या एकत्र करा, आणि ट्यूबवर फक्त नाव नको, थांबवल्याची वेळ सेकंदासकट लिहा.